सात रेघा आणि एक चौकट

मंडळी, विषय ऐकून पळून जाऊ नका. रेव्हमॅन, म्हणजे रिव्ह्यू मॅनेजर, नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, पारखायच्या आणि त्यांची गोळाबेरीज मांडायची, याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. ते करायचं हे हत्यार. एम.डी. करणाऱ्या एका मैत्रिणीला ते शिकायचं होतं आणि ‘तू आयटीवाला, तुला येतच असेल’ या न्यायाने मला शेजारी बसवण्यात आलं. (आयटीवाला प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करतो, हे जगजाहीर आहेच.)

गंमत म्हणजे यात आकडे भरायची जागा बरीच खाली आहे. आधी प्रोटोकॉल लिहा: प्रश्न नेमका काय, कुठल्या चाचण्या घेणार, कुठले परिणाम मोजणार. मग एकेका चाचणीची नोंद, आडनाव आणि साल अशी. जी वगळली तिचीही नोंद, कारणासकट! मग प्रत्येकीत पक्षपाताला किती वाव होता ते. एवढं झालं की दोन्ही गटांत किती जण होते आणि किती जणांना त्रास झाला ते टाकायचं, की चित्र तयार. थाट अगदी सरकारी फॉर्मचा. हा क्रम असा का, ते शोधत गेलो आणि थेट न्यूझीलंडच्या मेंढ्यांपाशी पोचलो.

ऑकलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशामुळे सुरू होते ते मेंढ्यांवर तपासत होते. स्टिरॉइड दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते चक्क श्वास घेत होतं. फुप्फुसं वेळेआधीच तयार झाली होती. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवींबरोबर त्यांनी अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या 282 मातांवर चाचणी घेतली. कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून. 1972 साली निकाल छापून आला: औषध न मिळालेल्यांच्या सुमारे 26 टक्के बाळांना श्वसनाचा गंभीर त्रास, मिळालेल्यांच्या 9 टक्के.

आता एवढं कळल्यावर जगभर हे स्वस्त इंजेक्शन सुरू व्हायला हवं होतं ना? नाही झालं. नंतरच्या चाचण्या बहुतेक छोट्या होत्या. अशा चाचणीचा निकाल चित्रात लांबलचक आडव्या रेघेने दाखवतात, आणि ती रेघ मधल्या उभ्या रेषेला शिवली की अर्थ एवढाच, ‘अजून नक्की सांगता येत नाही’. वाचणारे मात्र त्याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा घेतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुरावा सुट्या पैशांसारखा सात खिशांत पडून होता, बेरीजच कुणी केली नव्हती. 1989 मध्ये पॅट्रिशिया क्राउली यांचा पद्धतशीर आढावा आला, तेव्हा दिसलं की बाळ दगावण्याची शक्यता 30 ते 50 टक्क्यांनी घटते. मधली सतरा वर्षं गेली. त्यात जी बाळं गेली, त्यांची मोजदाद कोण करणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर या औषधाची ठाम शिफारस केली ती 1994 साली.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन 1979 मध्येच आपल्या व्यवसायाला टोचून बोलले होते, की विषयवार सगळ्या चाचण्यांचे आढावे करून ते वेळोवेळी ताजे ठेवायची सोयच आपण केलेली नाही. पुराव्याच्या बाबतीत सगळ्यांत ढ म्हणून त्यांनी नंबर दिला होता तो प्रसूतिशास्त्राला. ऑक्सफर्डच्या इयन चाल्मर्स यांनी ते मनावर घेतलं. 1988 मध्ये आर्ची गेले, पण त्यांच्या नावाचं केंद्र 1992 साली ऑक्सफर्डमध्ये उघडलं आणि 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात याच औषधाच्या सात रेघा आहेत आणि खाली, पत्त्यांत असते तशी, एक चौकट. ती चौकट म्हणजे बेरीज. सातांतल्या बहुतेक रेघा डळमळीत, पण चौकट उभ्या रेषेपासून स्वच्छ बाजूला.

देशोदेशीचे लोक जो तो आपल्या पद्धतीने लिहू लागले तर बेरीज कशी व्हायची? म्हणून एकच साचा हवा, आणि तो साचा म्हणजे रेव्हमॅन. प्रोटोकॉल आधी, कारण निकाल बघून प्रश्न बदलता येऊ नये. वगळलेल्यांचा तक्ता, कारण गैरसोयीची चाचणी गुपचूप गाळता येऊ नये. 2008 ची पाचवी आवृत्ती जावामध्ये होती, आता सगळं ब्राउझरमध्ये चालतं.

पण बेरीज एकदा केली म्हणजे संपलं असं नसतं. पुढे गरीब भागांत हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोचवून पाहणारी एक मोठी चाचणी सहा देशांत झाली. भारतात बेळगाव आणि आपलं नागपूर त्यात होतं. 2015 साली छापून आलेला निकाल उलटा निघाला: अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, जिथे गर्भाचे दिवस नीट मोजता येतात आणि बाळाची काळजी घेता येते अशा रुग्णालयांत, चाचणी घेतली. 2020 मध्ये तिथे मृत्यू कमी झालेले दिसले. औषध तेच. मैत्रिणीला आता प्रोटोकॉलमध्ये ‘कुठल्या प्रकारचं रुग्णालय’ ही ओळ आधीच लिहावी लागणार आहे, आणि ती सध्या त्याच ओळीवर अडली आहे.