एक वर्षाचं एमबीए की दोन वर्षांचं? आधी गिरणगावाचा हिशोब

बीकॉम झालेल्या मुलांचे आईवडील हल्ली मला हमखास विचारतात, "एका वर्षात एमबीए होतं म्हणे, मग दोन वर्षं कशाला घालवायची?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या मुंबईत तो नवा नाही, म्हणून आधी थोडा इतिहास.

१९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज अशी त्याची ओळख. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले बाबासाहेब आंबेडकर. राहायला आमच्या परळच्या बीआयटी चाळीत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. सिडनहॅमच्या पगारातून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एमएससी, १९२३ मध्ये डीएससी.

यात एक गोष्ट बघा. शिक्षण अडलं ते अभ्यासक्रम लांब होता म्हणून नाही, पैसे संपले म्हणून. आणि ते पूर्ण झालं, कारण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांना मिळाली होती.

हे भोगलेल्या माणसाने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. त्याआधी ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्याच होत्या. म्हणजे आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी गरिबासाठी अभ्यास कापला नाही, वर्गाची वेळ बदलली.

मॅनेजमेंटमध्येही तेच झालं. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. पूर्ण वेळ एमएमएस दोन वर्षांचं, नोकरी सांभाळून करायचे संध्याकाळचे अभ्यासक्रम तीन वर्षांचे. १९८२ च्या संपानंतर ज्या घरांत बापाचा पगार थांबला, तिथल्या पोराला नोकरी सोडून दोन वर्षं वर्गात बसणं परवडणारच नव्हतं. ऑफिस सुटलं की लेक्चर, शेवटच्या गाडीने घर. अशी माणसं आमच्या चाळीत होती.

आता एक वर्षवाल्यांकडे येऊ. फ्रान्सची इन्सियाड १९५७ पासूनची, आपल्याकडे हैदराबादची आयएसबी २००१ पासून, अहमदाबादच्या आयआयएमचा एक वर्षाचा अभ्यासक्रम २००६ पासून. हे अभ्यासक्रम चांगलेच आहेत, पण ते मुख्यतः काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी बेतलेले. ज्याला कामाची आणि माणसांची ओळख आहे, त्याचं एक वर्ष वाचतं, एका वर्षाचा पगारही वाचतो. तो फायदा खरा आहे.

लालबागच्या ताज्या पदवीधराचं गणित वेगळं. दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात दोनेक महिने कंपनीत काम करायला मिळतं. ज्याच्या घरात कुणाचा काका कंपनीत साहेब नाही, त्याच्यासाठी ती पहिली ओळख असते, कधीकधी पहिली नोकरीही. एका वर्षाच्या धावपळीत बहुतेक ठिकाणी नेमकं हेच गळतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची वाट काढली आहे. पण बोटं मोजा : तीन अधिक दोन पाच, चार अधिक एकही पाच. तिथे वर्ष वाचत नाही, फक्त इकडचं तिकडे जातं.

म्हणून माझं मत सरळ आहे. हाताशी चार-पाच वर्षांचा अनुभव असेल तर एक वर्षाचं बघा. नुकतीच पदवी झाली असेल तर दोन वर्षांचं, किंवा दोन-तीन वर्षं नोकरी करून मग ठरवा. घर तुमच्याच पगारावर चालत असेल तर संध्याकाळचं तीन वर्षांचं, त्यात कमीपणा काही नाही. आणि "एका वर्षात मास्टर्स" असं कुणी ताज्या पदवीधराला विकत असेल, तर फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा : ही पदवी कुठल्या विद्यापीठाची? आणि कंपनीतलं काम किती आठवड्यांचं?

तुमच्या घरात कुणी सकाळचं किंवा रात्रीचं कॉलेज केलं असेल तर जरूर लिहा. आजच्या पोरांना ते कळायला हवं.