कॅसेट टेपरेकॉर्डर

चुंबकीय लेप दिलेल्या अरुंद फितीवर ध्वनी अंकित करून तोच पुन्हा ऐकविणारे यंत्र. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॅसेटमधील, म्हणजे फितीच्या बंद डबीतील, फीत सेकंदास सुमारे ४.७६ सेंटिमीटर या मंद गतीने सरकत असल्याने, फितीवरील ध्वनी वाचणाऱ्या हेडवर बसलेला सूक्ष्म मळदेखील प्रथम उच्च स्वरच गिळून टाकतो. नागपुरातील कळमना येथे, जेथे बाजार समितीच्या आवारात धान्य, मिरची व संत्री यांची उलाढाल चालते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे धूळ व उष्मा हेच या यंत्राचे मुख्य वैरी होत. सबब यंत्र झाकून ठेवावे आणि कॅसेट उन्हातल्या मोटारीत कदापि विसरू नये, कारण तिचे प्लॅस्टिकचे कवच वाकते. हेड व कॅप्स्टन (फीत ओढणारा दांडा) कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, हलकेच पुसावेत. कॅप्स्टनवर दाबले जाणारे रबरी चाक मळले तर फीत त्याभोवती गुंडाळली जाते, व मग ती कॅसेटमध्ये पुन्हा गुंडाळण्यास घरातली पेन्सिल कामास येते. जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटची मागील कडेची पाकळी मोडून टाकावी, म्हणजे त्यावर चुकून पुनर्मुद्रण होत नाही. सी-१२० (१२० मिनिटांच्या) कॅसेटची फीत फारच पातळ व गुंतणारी असल्यामुळे सी-६० (६० मिनिटांची) कॅसेटच पसंत करावी.