चार बोटांचा व्यूह

लढाऊ विमानांच्या चौकडीची एक मांडणी जगभर रूढ आहे. पंजा पालथा ठेवून अंगठा आत दुमडला की उरलेल्या चार बोटांची टोके जशी मागेपुढे दिसतात, तशी ती चार विमाने. या व्यूहाचे जर्मन कूळ स्पेनच्या यादवी युद्धात सापडते.

बीज त्याहून जुने आहे. १९१६ साली ओस्वाल्ड ब्योल्के या जर्मन वैमानिकाने हवाई लढाईचे आठ नियम घालून दिले. सूर्य पाठीशी ठेवा, मागून हल्ला करा, चार किंवा सहाच्या गटाने लढा आणि एकाच शत्रूवर अनेकांनी तुटून पडू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला एकाच ब्रिटिश विमानाचा पाठलाग करताना ब्योल्के आणि त्याचा सहकारी यांची विमाने एकमेकांना घासली, आणि ब्योल्के मारला गेला. सोबती नेमका कुठे आहे याचे भान सुटणे किती महाग पडते, हे नियमकर्त्याच्याच मरणाने दाखवले.

पुढच्या शांततेच्या काळात बहुतेक हवाई दले तीन-तीन विमाने एकमेकांना खेटून उडवू लागली. जर्मनांची रीतही तीच होती. संचलनात ती देखणी दिसे; पण बगलेच्या दोघांची नजर म्होरक्याच्या पंखावरून हलत नसे, मग शत्रू कोण शोधणार?

फ्रँकोच्या मदतीला हिटलरने धाडलेल्या काँडोर लीजनला स्पेनमध्ये ही अडचण कळली. याच दलाच्या बाँबफेकी विमानांनी २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गाव बेचिराख केले. परक्यांच्या यादवीत जर्मन सैन्य आपली नवी हत्यारे पारखून घेत होते. त्यांची हाइन्केल ५१ ही दुपंखी लढाऊ विमाने सोव्हिएत आय-१६ पुढे फिकी पडली. नवी मेसरश्मिट १०९ आली, पण मोजकीच. म्हणून ती जोडीने उडू लागली.

मे १९३८ मध्ये व्हेर्नर म्योल्डर्सने एका तुकडीची सूत्रे हाती घेतली. वय २५. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जोडीला शिस्त दिली. दोन विमानांत सुमारे २०० मीटर अंतर. इतके अंतर असले की टक्कर टाळण्यात लक्ष गुंतत नाही आणि डोळे आकाश धुंडाळायला मोकळे राहतात. म्होरक्याने हल्ला करायचा, सोबत्याने त्याची पाठ राखायची. अशा दोन जोड्या म्हणजे ‘श्वार्म’. वळताना चौघे एकमेकांच्या बाजू ओलांडून पलीकडे जात, त्यामुळे वेग न मोडता सगळा गट फिरे. फिनलंडचे वैमानिकही १९३०च्या दशकात स्वतंत्रपणे अशाच जोडीपाशी पोचले होते.

१९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात फरक दिसला. ब्रिटिश अजून घट्ट तिकडीत उडत होते आणि त्याची किंमत मोजत होते. पण ते शिकले. १९४१ मध्ये डग्लस बेडरच्या टँगमिअर विंगने चार बोटांचा व्यूह उचलला, पुढे अमेरिकनांनीही.

म्योल्डर्स त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला प्रवासी म्हणून बसलेल्या विमानाच्या अपघातात गेला. उरलेल्या जर्मन वैमानिकांना ठरावीक फेऱ्यांनंतर सुट्टी नव्हती; मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा पकडले जाईपर्यंत उडायचे. एरिक हार्टमानच्या नावावरचे ३५२ विजय हे कौशल्याचे फळ खरेच, पण इतकी वर्षे सतत लढायला लावणाऱ्या या व्यवस्थेचेही. त्याला मात्र विजयांच्या आकड्यापेक्षा सोबती न गमावल्याचा अभिमान अधिक होता.

मे १९४४ पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर दोस्तांचे बाँब पडू लागले. इंधन आटले, आधीच आखडलेले प्रशिक्षण आणखी तुटपुंजे झाले आणि अर्धवट शिकलेली पोरे अनुभवी म्होरक्यांच्या बगलेला उभी राहिली. मांडणी तीच होती, पण तिचा सगळा भार ज्याच्या डोळ्यांवर होता, तो सोबती घडवायला जर्मनीकडे वेळ उरला नव्हता. विजयांची यादी म्होरक्याच्या नावाने लिहिली जाते. हा व्यूह जिवंत ठेवला तो त्याची पाठ राखणाऱ्याने.