टपालाची चाळणी

यंत्रांचा इतिहास सांगतांना त्यांचें सामर्थ्य कसें वाढत गेलें एवढेंच सांगण्याचा प्रघात आहे. सामर्थ्य बुद्ध्याच कमी ठेवल्यामुळें एखादी वस्तु उपयोगी ठरली, असें क्वचितच ऐकूं येतें. 'सीव्ह' या संगणकभाषेचा इतिहास आम्हांस याच कारणानें लक्षांत घेण्याजोगा वाटतो. आलेलीं ई-पत्रें आपोआप निवडून ज्या त्या कप्प्यांत टाकणें हें तिचें काम. सीव्ह म्हणजे चाळणी. नांव अन्वर्थक आहे.

तिच्या आधीं स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांचा १९९० सालचा 'प्रोकमेल' प्रचारांत होता. त्याचे नियम लिहिणारास त्याच यंत्रावरील दुसरा वाटेल तो प्रोग्रॅम चालवितां येई. यंत्रावर ज्याचें स्वतःचें खातें आहे त्याच्यापुरतें हें ठीकच. परंतु अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'सायरस' टपालव्यवस्थेंत सामान्य माणसास यंत्रांत शिरकाव नव्हता. त्यानें आपलीं पत्रें बाहेरूनच पाहावयाचीं. अशा बंद वाड्यांत परक्यांचे हुकूम धन्यानें पाळावयाचे, तर ते कोणत्या भाषेंत द्यावयाचे, हा खरा प्रश्न होता.

टिम शोवॉल्टर यांनीं लिहिलेल्या, जानेवारी २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३०२८ या मानकांत त्याचें उत्तर सांपडतें. मूळ भाषेंत चलपदें नाहींत, पुनरावृत्तीचीं चक्रें नाहींत, बाहेरचा प्रोग्रॅम बोलावण्याची सोय नाहीं. त्यामुळें कितीही वेडेवांकडे नियम लिहिले तरी त्यांचें काम संपतेंच. याहून मोलाची तरतूद दुसरी: नियमांत पत्राची कांहींच व्यवस्था सांगितली नसेल, किंवा नियम चालतां चालतां चूक निघाली, तर पत्र नेहमींच्या पेटींत ठेवावें. न समजलेला कागद केराच्या टोपलींत टाकणारे कारकून ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस तिचें महत्त्व सांगावयास नको.

हे नियम वाचून त्यांप्रमाणें वागणारा प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्रीटर. 'डव्हकॉट' या दुसऱ्या टपालव्यवस्थेनें प्रथम सायरसचाच इंटरप्रीटर उसना घेतला होता. पुढें स्टीफन बॉश यांनीं 'पिजनहोल' हा नवा लिहिला. तो नियमांचें संक्षिप्त रूपांत भाषांतर करून ठेवतो, आणि पत्राचें काय करावयाचें याचा निर्णय पूर्ण झाल्यावरच कृतीस लागतो.

वाढीचा मोह अर्थातच सुटला नाहीं. जानेवारी २००८ मध्यें मानकाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हांच चलपदेंही पुरवणीरूपानें आलीं. २००९ मध्यें चक्रही आलें. मात्र तें पत्राचे जितके भाग तितकेंच फिरतें. शिवाय पुरवणी हवी असल्यास तशी मागणी नियमांच्या आरंभींच करावी लागते. इंटरप्रीटरला ती अवगत नसेल तर तो ते नियम चालवीतच नाहीं.

आम्हांस सर्वांत बोधक वाटतो तो नकाराच्या आज्ञेंतील फेरबदल. नकोसें पत्र स्वीकारून मागाहून धाडणाराकडे परत करावें, असा पहिला विचार होता. परंतु उपद्रवी जाहिरातपत्रांवर धाडणाराचा पत्ता पुष्कळदां दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि परतलेलें पत्र त्या निरपराध्याच्या दारांत पडे. म्हणून मार्च २००९ च्या आरएफसी ५४२९ नें, शक्य असेल तेथें, पत्र आंत घेण्यापूर्वींच उंबरठ्यावर नाकारण्याची रीत घालून दिली.