रात्री दोन ते आठ

बँकेतल्या कारकुनाला जगात एकाच विषयावर अधिकारानं बोलता येतं, आणि तो विषय म्हणजे बंद होण्याची वेळ. व्याजाचे दर, पाऊसपाणी, राजकारण यांवर आमच्या शाखेचा शिपाईसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. पण 'आता नाही, उद्या या' हे वाक्य मी गेली वीस वर्षं इतक्या नाना सुरांत म्हणत आलो आहे, की एखाद्या गवयानं येऊन माझा गंडा बांधावा. सोमवारी सकाळी ते मी खर्जात लावतो, शनिवारी दुपारी द्रुत लयीत. समोरच्यानं 'दोनच मिनिटं, सायेब' असा आलाप घेतला तर मी नुसत्या मानेनं समेवर येतो.

या कलेत मला गाठणारा कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. तो भेटला माझ्याच घरात, बायकोच्या मोबाईलमध्ये.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गंगाखेडच्या मे महिन्याबद्दल जास्त लिहीत नाही. भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटातून अनवाणी चालून दाखवणाऱ्याला त्या महिन्यात संत म्हणायला आमची कुणाची हरकत नसते. आमची कन्या सातवीची परीक्षा देऊन कूलरसमोर आडवी झाली होती.

"काय करायलीस गं?"

"शाळेत आहे, पप्पा."

मे महिन्यात शाळा! बापाचा ऊर भरून आला. जवळ जाऊन पाहतो तर ती जादूची शाळा निघाली. उंच बुरूज, हवेत तरंगणाऱ्या मेणबत्त्या, झाडूवर बसून उडणारी पोरं. (आमच्या घरच्या झाडूला नुसता हात लावायचा म्हटलं की हिचं पोट दुखतं.) आमच्या वेळी छडी मास्तरांच्या हातात असायची, इथं ती पोरांच्याच हातात दिलेली. मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात तिनं मोबाईल उशीवर आपटला.

"बंद झाली."

"बॅटरी?"

"नाही हो, शाळा. शक्ती संपली. आता पाऊण तासानं उघडेल."

मी चमकलो. माझंच वाक्य! फक्त 'उद्या'च्या जागी 'पाऊण तास'.

कॉमर्सच्या माणसाला एक खोड असते. कुठलीही नोंद दिसली की तिचं मूळ व्हाउचर सापडेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. मी या नोंदीचं मूळ शोधायला बसलो. या घराण्यात नाव झालं ते 'हॅरी पॉटर: हॉगवर्ट्स मिस्ट्री' या खेळाचं. तो एप्रिल २०१८ मध्ये मोबाईलवर आला. त्यात पहिल्या वर्षाला नाव घालायचं आणि ७ वर्षं शिकून बाहेर पडायचं. तिथला एकेक तास १, ३ किंवा ८ तासांचा असतो. (मराठीत हा घोटाळा होतो, माझा इलाज नाही.) तेवढ्या वेळात ठरलेले तारे मिळवले नाहीत तर तास पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक कामाला शक्ती खर्ची पडते आणि ती दर ४ मिनिटांना १ या हिशेबानं परत जमा होते. ज्याला दम नाही त्यानं पैसे मोजून ती विकत घ्यायची. सुरुवातीलाच एक राक्षसी वेल आपल्या विद्यार्थ्याचा गळा आवळते, आणि नेमकी तिथंच शक्ती संपते. पोरगं गळ्याला फास लागलेल्या अवस्थेत शक्ती जमा होण्याची वाट बघत राहतं! यावर त्या वेळी जगभरच्या खेळाडूंनी बोंब मारली. मी मात्र मनातल्या मनात त्या कल्पनेला सलाम केला. जीव जायची वेळ आलेला माणूस खिडकीशी उभा असताना शांतपणे 'लंच टाइम' म्हणणं हे कुणालाही जमत नाही.

पण हे काही मूळ व्हाउचर नव्हे. मागं मागं जात मी पोचलो थेट १९७८ सालात, इंग्लंडमधल्या कोलचेस्टरजवळच्या एसेक्स विद्यापीठात. तिथल्या रॉय ट्रुबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या संगणकावर एक खेळ लिहायला घेतला. १९८० साली त्यानं तो रिचर्ड बार्टल या मित्राच्या हवाली केला, आणि बार्टलनं तो तडीस नेला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. तुम्ही अमुक रस्त्यावर आहात, इकडं जंगल, तिकडं स्मशान, असं लिहून यायचं. मग आपण 'उत्तरेला जा', 'काठी उचल' असं टंकायचं. असले खेळ आधीही होते, पण ते एकट्यानं खेळायचे. इथं एकाच वेळी पुष्कळ जण त्याच रानात हिंडत, गप्पा मारत, एकमेकांना मदत करत आणि जमलं तर एकमेकांचे मुडदेही पाडत. खेळाचं नाव 'मड'. ते 'मल्टि-यूजर डंजन'चं लघुरूप, पण इंग्रजीत मड म्हणजे चिखल. गोदाकाठच्या माणसाला चिखलाचं कौतुक कुणी सांगू नये.

आणि खेळण्याची रीत ऐका. रानावनात, खाणीत हिंडून खजिना शोधायचा आणि तो नेऊन दलदलीत टाकायचा. टाकला की गुण जमा! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. ठेवीदारांचा पैसा दलदलीत गेला की कागदावर आकडा चढतो, हे कर्जवाटपाच्या रजिस्टरात मी पाहिलेलं आहे. गुण वाढले की माणूस नवशिक्याचा योद्धा होई, योद्ध्याचा वीर, अशा इयत्ता चढत शेवटी 'विझर्ड', म्हणजे पास झालेला जादूगार. लढाईत मेलात तर नाव पाटीवरून पुसलं जाई, पुन्हा बिगरीत. जादूगाराला मात्र असा अधिकार, की त्यानं बोट दाखवलं की समोरचा संपला. हा अधिकार आमच्याकडं फक्त ऑडिटरला असतो.

बार्टल सामान्य कष्टकऱ्याच्या घरातून आलेले. त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं आहे, की बाहेरच्या जगात माणूस कुठं जन्मला यावरून त्याची पायरी ठरते, हे या दोघा मित्रांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी असं एक जग केलं, जिथं प्रत्येक जण बिगरीपासून सुरुवात करील आणि स्वतःच्या करणीनं वर चढेल. विचार थोर. पण थोर विचारालाही यंत्र लागतं, आणि यंत्र होतं विद्यापीठाचं. दिवसा त्यावर विद्यापीठाची कामं चालत. १९८० साली ते बाहेरच्या जाळ्याला जोडलं गेलं, आणि पुढं बाहेरच्या खेळाडूंसाठी एक पाहुण्यांचं खातं उघडण्यात आलं. त्या पाहुण्यांना वेळ नेमून दिली होती: शनिवार-रविवार, आणि इतर दिवशी रात्री २ ते सकाळी ८.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. जन्माची पायरी नसलेल्या जगाच्याही दाराला शेवटी वेळेची पाटी! आतल्यांना दिवस आणि बाहेरच्यांना उरलेली रात्र. आम्ही पूर्वी लोकांना १० ते २ बोलवत होतो, तेव्हा लोक आम्हाला नावं ठेवत. इथं २ ते ८, आणि तेही रात्री!

मग मी आमच्या घड्याळाचा हिशेब मांडला. इंग्लंडमधले हिवाळ्यातले रात्रीचे २ म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेसात, आणि तिथले ८ म्हणजे दुपारचा दीड. त्यांची टाकाऊ वेळ ती गंगाखेडची ऐन बँकेची वेळ. तेव्हा आमच्याकडं तार पोचली असती, तर देशातला सगळ्यात मोठा जादूगार आमच्या कॅश काउंटरमागून निघाला असता. पण त्या काळी गंगाखेडहून परभणीला ट्रंक कॉल लावायचा म्हणजेच अर्धा दिवस. एसेक्स कुठलं लागायला!

तरी लोक आले. निजानीज झाल्यावर, फोनचं बिल वाढवत, डोळे चोळत आले. दिवसा मोकळं दार असलेल्यांनी जे केलं असतं, त्यापेक्षा या रात्रीच्या पाहुण्यांनी कमी केलं नाही. ॲलन कॉक्स हा असाच मड खेळलेला गडी. १९८७ साली ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात त्यानं आपला 'ॲबरमड' लिहिला. त्याच्या मागून कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचा 'डिकूमड' आला, १९९१ साली. त्याच वळणावर १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. मूळ मड अमेरिकेत १९८७ पासून 'ब्रिटिश लेजंड्स' नावानं कॉम्प्युसर्व्हवर चालला, आणि १९९९ च्या अखेरीस, २००० साल उजाडताच संगणक बंद पडतील या धास्तीनं जी साफसफाई झाली तीत निघाला. त्या धास्तीनं आमच्या शाखेत काहीच बंद पडलं नाही. कारण तेव्हा शाखेत संगणकच नव्हता, असं जुनी मंडळी अभिमानानं सांगतात.

या खेळांत एक शब्द आहे, 'ग्राइंडिंग'. तेच ते काम पुन्हा पुन्हा करून कणाकणानं गुण जमवायचे, त्याला म्हणतात. सरळ मराठीत दळण. हा शब्द वाचला आणि मला हसू आलं. कारण रात्री दोन ते आठ ही वेळ आणि दळण, या दोन गोष्टी गंगाखेडच्या माणसाला साहेबानं शिकवायला नकोत. जनाबाई आमच्या गावची. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. दिवस तिचा नव्हताच, तो मालकाचा. तिचं स्वतःचं जे काही होतं, ते रात्री आणि पहाटे, जात्यापाशी. आणि देव? दिवसभर भक्तांची रांग लावून उभा असणारा विठोबा, देऊळ बंद झाल्यावर गुपचूप निघून तिचं जातं ओढायला यायचा, अशी कथा आहे. एकदा पहाटे घाईत तो आपलं पदक तिच्याकडंच विसरला. सकाळी देवळात हिशेब जुळेना. कॅश शॉर्ट! आळ आला जनीवर, शिक्षा ठरली सुळाची, आणि सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते. लहानपणी मला त्या सुळाचं नवल वाटायचं. आता वाटतं ते देवाचं. वेळ संपल्यावर दार बंद करून तो आत बसला नाही. बाहेर पडला.

इथपर्यंत निबंध बरा चालला होता. आता आमच्या खिडकीशी यावं लागतं.

आमच्या भागात शेतीपंपाची लाईट वर्षानुवर्षं पाळीनं येत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दोनला उठायचं, बॅटरी घ्यायची, इचूकाट्यातून मोटर गाठायची आणि उजाडेपर्यंत दारं मोडत पाणी द्यायचं. हे मी ऐकून सांगत नाही. शाळेत असताना बापाच्या पुढं बॅटरी धरून मी बांधावरून चाललेलो आहे.

नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली असतील. व्यवहाराची वेळ संपून ५ मिनिटं झाली होती आणि शटर निम्म्यावर होतं. त्याखालून वाकून एक म्हातारबा आत आले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल.

"सायेब, लेकीची फी भरायचीय. आज शेवटची तारीख हाय."

"वेळ संपली, मामा. लवकर यायचं की."

"रातची लाईट हुती. दोनला आली. पाणी दिऊन आलो अन् डोळाच लागला बघा."

मी ते वाक्य म्हटलं. जरा मऊ सुरात, पण म्हटलं. "उद्या या, मामा."

त्यांनी हुज्जत घातली नाही. आल्या वाटेनं वाकून गेले. दुसऱ्या दिवशी मी दार उघडल्यापासून रांगेत डोळे लावून होतो. ते आले नाहीत. त्या पोरीच्या फीचं काय झालं, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी शटर उशिरा ओढतो असं लिहिलं असतं तर वाचकांना बरं वाटलं असतं. पण खोटी नोंद आम्हाला करता येत नाही. एवढंच झालं, की 'उद्या या' म्हणायच्या आधी मी आता विचारतो, "रात्रीची लाईट होती का?" मग बहुतेक वेळा पुढचं वाक्य तोंडातच राहतं, कॅश टॅली व्हायला उशीर होतो आणि मॅनेजर साहेब माझ्याकडं जादूगाराच्या नजरेनं बघतात.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर पुढच्या खोलीत उजेड. कन्या पांघरुणात मोबाईल घेऊन बसलेली.

"काय गं हे? किती वाजले?"

"पप्पा, संध्याकाळी सहाला आठ तासांचा तास लावला होता. दोनला बंद होतो. एकच तारा राहिलाय."

मी घड्याळात पाहिलं. दोनला पाच कमी होते. ओरडायला तोंड उघडलं होतं.

"पाच मिनिटं, पप्पा. फक्त पाचच मिनिटं."

मी कॉटच्या कडेला टेकलो.

"कर," म्हणालो, "मी थांबतो."