टाटांच्या आराखड्यातून गळालेला विभाग

ज्या महाराष्ट्रात पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिपा निघाल्या आणि रानडे-भांडारकरांसारख्यांना ऐन तारुण्यात अध्ययनात गढून राहण्याची सोय झाली, तेथील वाचकाला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा पूर्वेतिहास व्यथित करील. जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने बरजोरजी पादशहा यांनी १८९८ साली पुढे आणलेल्या योजनेत विज्ञान व वैद्यक यांच्या जोडीला तत्त्वज्ञान व शिक्षण यांचाही विभाग होता. सरकारदरबारी खलिते फिरता फिरता तो गळाला; म्हैसूर संस्थानाने १९०७ साली ३७१ एकर १६ गुंठे जमीन बहाल केली, १९०९ साली संस्था स्थापन झाली, आणि १९११ साली विद्यार्थी आले ते रसायनशास्त्र व विद्युत्तंत्र शिकायला.

त्याच १९०९ साली बंगळुरातच फादर ताबार प्रभृतींनी मिथिक सोसायटी ही अभ्यासकांची संस्था काढली, आणि इतिहास-पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना पुढे डेली मेमोरियल हॉलचे छप्पर व त्रैमासिकाची पाने लाभली. परंतु व्याख्यान ऐकून घरी परतणाऱ्या हौशी विद्वानाची योग्यता कितीही मोठी असो, तरुणाला दोन-चार वर्षे निर्वेधपणे जुन्या दप्तरांपुढे बसवणारी दरमहाची तैनात ही निराळीच गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून विद्येची परंपरा टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विज्ञान संस्थेच्याच आवारात मानव्यविद्यांनाही स्थान देणारी राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था जे. आर. डी. टाटांच्या पुढाकाराने उभी राहायला १९८८ साल उजाडावे लागले.