अमली पदार्थ नियंत्रण, महाराष्ट्रातील

मेफेड्रोन, फेंटानिल आदी मादक द्रव्यांचे बेकायदा उत्पादन व तस्करी रोखण्याची आणि व्यसनाधीनांना उपचारांकडे वळवण्याची शासकीय व्यवस्था.

तिचा पाया १९८५ चा केंद्रीय कायदा (पहा : गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम). ‘म्याव म्याव’ नावाने विकले जाणारे मेफेड्रोन मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच्या कक्षेत आले. तोवर पोलिसांचे हात बांधलेलेच होते.

शिक्षा मात्रेवर ठरते. व्यापारी मात्रेसाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी असून कलम ३७ मुळे जामीन अवघड होतो. पण कृत्रिम द्रव्यांना शेत लागत नाही, रसायने लागतात; म्हणून नजर कारखान्यांकडे वळली. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापुरातील औषध कारखान्यातून एफेड्रिनचा टनावारी साठा जप्त केला. फेंटानिलची पूर्वद्रव्ये (एनपीपी, एएनपीपी) २०१८ मध्ये नियंत्रित झाली. शहापूर, भातसानगर, मुरबाड भागातील कारवाई ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असते.

फेंटानिल हे कर्करोगाच्या वेदनांवरील औषधही आहे (पहा : वेदनाशामके). त्यामुळे सरसकट बंदी न घालता २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा परवाना सुलभ केला.

उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनाधीनास कलम ६४अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कायद्याची ही बाजू तुलनेने दुर्लक्षित आहे. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र (पहा : अवचट, अनिल) १९८६ पासून कार्यरत आहे.